कोनशिला बसवण्याआधी: विद्यापीठाच्या नियामक मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या बैठकीत विद्यापीठाच्या आवाराचा नवा बृहत् आराखडा तुमच्यापुढे मंजुरीसाठी येणार आहे. त्याची मोठी रंगीत चित्रे ग्रंथालयाच्या व्हरांड्यात लावली आहेत आणि येता-जाता सगळेच ती पाहतात. मधोमध नवे प्रार्थनामंदिर, त्याला लागून उंच मनोरा, समोर पायऱ्यांची रुंद ओळ. एका बाजूला मोठे सभागृह, दुसऱ्या बाजूला व्यवस्थापन शाखेची काचेची इमारत. मी याच विद्यापीठात शिकले, इथेच शिकवते, आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून काही वर्षे याच आवारात राहिले. हे पत्र खासगीत पाठवता आले असते. उघड लिहिते आहे, कारण इथे शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि झाडलोट करणाऱ्यांनीही ते वाचावे आणि कुणाचे मत वेगळे असेल तर त्यांनी ते मंडळाला सांगावे, अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे असे: आहेत त्या इमारतींची देखभाल आणि प्रत्येकाला प्रत्येक ठिकाणी जाता येईल अशी सोय, यांसाठी पैसा बाजूला काढून ठेवल्याशिवाय नव्या इमारतीची कोनशिला बसवू नका. प्रार्थनामंदिराचीसुद्धा नको. खरे तर त्याची सगळ्यात आधी नको.

सुंदर इमारतीला माझा विरोध आहे असे कृपया समजू नका. ख्रिस्ती विद्यापीठांनी जगाला काही फार सुंदर वास्तू दिल्या आहेत आणि त्यांतल्या काहींची सुरुवात अगदी साध्या गरजेतून झाली आहे. बीजिंगच्या येनचिंग विद्यापीठाचे उदाहरण मला विशेष आवडते. मिशनरी महाविद्यालये एकत्र येऊन हे विद्यापीठ उभे राहिले. १९२०च्या दशकात नवे आवार बांधताना पाण्याची उंच टाकी लागणार होती. तळ्याकाठच्या देखण्या जागेत उघडीबोडकी टाकी डोळ्यांना खुपली असती, म्हणून ती तेरा मजली पॅगोड्याच्या रूपात बांधली गेली. १९२४ साली सुमारे ३७ मीटर उंचीचा तो मनोरा उभा राहिला. सबंध आवाराची आखणी हेन्री मर्फी या अमेरिकी वास्तुरचनाकाराने चिनी वळणाने केली होती. १९५२मध्ये येनचिंग बंद झाले, आवार पेकिंग विद्यापीठाकडे गेले, आणि पाण्यासाठी बांधलेला तो मनोरा आज त्या विद्यापीठाची ओळख आहे. आपल्या आराखड्यातला मनोरा कशासाठी आहे, हे मी चित्राखालच्या मजकुरात शोधले. घंटा नाही, पाणी नाही, जिना नाही. लिहिले आहे ‘दुरून दिसणारी खूण’.

दुसरी वास्तू तैवानमधली, ताइचुंगच्या तुंगहाई विद्यापीठातले ल्यूस स्मारक चॅपल, म्हणजे तिथले प्रार्थनामंदिर. आय. एम. पेई आणि चेन ची-क्वान यांनी ते आखले, १९६३ साली ते पूर्ण झाले. काँक्रीटच्या चार वक्र भिंती जमिनीतून वर जाताना एकमेकींकडे झुकत जातात. भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. माथ्यावर त्या पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून उजेड आत उतरतो. आतल्या बाजूला काँक्रीटच्या तिरक्या फासळ्यांची जाळी आहे आणि ती भार पेलते. शोभेसाठी वेगळे काही लावलेले नाही. भूकंप आणि वादळे यांची सवय असलेल्या बेटावर ही इमारत उभी आहे. तिच्या जतनाचा नीट अभ्यास व्हावा म्हणून २०१४ साली गेटी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेचे अनुदान मिळाले. इतक्या नावाजलेल्या इमारतीलाही पन्नास वर्षांनी कुणीतरी भिंगातून पाहावे लागते, तिच्यासाठी पैसा उभा करावा लागतो. आपल्या आराखड्यात पन्नास वर्षांनंतरचे एक वाक्यही नाही.

आता प्रार्थनामंदिराबद्दल. सध्याच्या प्रार्थनामंदिराला समोर सहा पायऱ्या आहेत. रॅम्प आहे, पण मागच्या बाजूला. व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी काही सत्रांपूर्वी आमच्या वसतिगृहात होती. उपासनेला यायचे तर तिला मेसच्या मागच्या अंगणातून, तेलाचे रिकामे डबे आणि गॅसच्या टाक्या यांच्यामधून यावे लागे. मागचे दार आतून कडी घातलेले असायचे, म्हणून कुणाला तरी फोन करून ते उघडून घ्यायचे. ते दार वेदीच्या शेजारीच उघडते. तोवर पहिले गीत सुरू झालेले असे, आणि ती आत आली की सगळ्या माना तिच्याकडे वळत. कुणाच्या मनात वाईट नव्हते. सगळे प्रेमाने हसत, जागा करून देत. तरीही एका सत्रानंतर तिने यायचे सोडले. मी विचारले तेव्हा म्हणाली, “मॅडम, मला शेवटच्या बाकाजवळ बसायचं असतं. इतरांसारखं, उशीर झाला तर गुपचूप.”

बायबलमधली कफर्णहूम गावातल्या घराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पक्षाघाती माणसाला चौघे जण उचलून घेऊन आले, गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उसकून त्याची बाज येशूपुढे सोडली. येशूने छप्पर मोडल्याबद्दल त्यांना बोल लावला नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. ज्या विद्यापीठात ही गोष्ट दरवर्षी प्रवचनात सांगितली जाते, तिथल्या नव्या प्रार्थनामंदिराच्या चित्रात मला समोर अकरा पायऱ्या मोजता येतात.

यात हिशेबाचाही भाग आहे आणि तो आराखडा कागदावर असतानाच करावा लागतो. रॅम्पचा उतार साधारणपणे एकास बारा धरतात: एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. पंधरा सेंटीमीटरची एक, अशा सहा पायऱ्यांना जवळपास अकरा मीटरचा रॅम्प लागतो, अकरा पायऱ्यांना जवळपास वीस मीटरचा. शिवाय वळणावर आणि दाराशी सपाट जागा हवी. इमारत उभी राहिल्यावर समोर एवढी जागा उरत नाही, म्हणून रॅम्प मागे ढकलला जातो. याला सोपा उपाय आहे. जोते खाली आणा आणि समोरच्या अंगणालाच एकास वीसपेक्षा मंद उतार द्या. इतक्या मंद उताराला रॅम्प म्हणायचीही गरज नसते, ती नुसती वाट असते. त्याच वाटेने कुलगुरू येतील, त्याच वाटेने गुडघे दुखणारे निवृत्त प्राध्यापक येतील, बाळाची गाडी ढकलणारी आई येईल आणि व्हीलचेअरही येईल. चित्रातला डामडौल थोडा कमी होईल, इतकेच. बाकांच्या मधली आणि मागची काही जागा मोकळी ठेवा, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाला आपल्या मित्रांच्या शेजारी बसता येईल. आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी जमिनीत इंडक्शन लूपची, म्हणजे माइकवरचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी, तार टाकायची ती फरशी बसवायच्या आधी टाका. उंच छताच्या वास्तूत गाणे भरून येते, पण बोललेला शब्द घुमतो. कमी ऐकू येणाऱ्याला प्रवचनातले काहीच हाती लागत नाही.

प्रार्थनामंदिरावर मी इतका वेळ थांबले, कारण आराखड्याच्या केंद्रस्थानी तेच आहे. पण या आवाराचा खरा जीव ग्रंथालयात आहे असे मला वाटते आणि तिथली स्थिती गंभीर आहे.

पावसाचे दिवस आले की देखभाल विभागातले आमचे काका ग्रंथालयाच्या गच्चीवर जातात. एकदा मी त्यांच्याबरोबर वर गेले होते. गच्चीच्या कोपऱ्यात घोट्यापर्यंत पाणी साचले होते. काकांनी गुडघे टेकले, बाही वर सारून पाण्यात हात घातला आणि पन्हळाच्या तोंडातून कुजलेली पाने, कबुतरांची पिसे, चहाचे प्लास्टिकचे कप असे मूठ मूठ बाहेर काढले. मग पाणी गरगरत खाली गेले. तोंडावरची जाळी कधीच तुटली आहे. नवी जाळी मागितली तर अंदाजपत्रकात तसे शीर्षकच नाही, असे उत्तर मिळाल्याचे त्यांनी सांगितले. त्याच कोपऱ्याखाली नियतकालिकांचे जुने खंड आहेत. त्यांच्यावर आता निळे प्लास्टिक पांघरले आहे आणि छताचे पोपडे त्या प्लास्टिकवर पडतात.

पोपडे पडणे ही शोभेची बाब नाही. साचलेले पाणी बारीक भेगांतून सळईपर्यंत पोचते. सळई गंजते आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून दाब देऊन काँक्रीट फोडतो. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी शिरते. एका जाळीचा खर्च आज वाचवला, तर काही वर्षांनी स्लॅबचा खर्च येतो.

ग्रंथालयात आगीच्या वेळी बाहेर पडायचे जे दुसरे दार आहे, त्याच्यासमोर कपाटे ठेवली आहेत. मराठी वाचकाला आगीचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या ज्या मिशन छापखान्यात छापले गेले, त्याला मार्च १८१२मध्ये आग लागली. कागद, छपाईचे खिळे (धातूची अक्षरे) आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीची हस्तलिखिते जळाली. खिळे पाडायचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ ठसे, वाचले होते, म्हणून छपाई पुन्हा सुरू करता आली. हस्तलिखितांना असा साचा नसतो. सहा वर्षांनी, १८१८मध्ये, त्याच मंडळींनी श्रीरामपूर कॉलेज काढले, त्याला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि पदव्या देण्याचा अधिकार आला. ते कॉलेज सुरुवातीपासून ख्रिस्ती आणि इतर धर्मांच्या तरुणांसाठी होते, हेही इथे नोंदवते. आपल्याकडेही दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आहेत. ज्यांना आपल्या पद्धतीने प्रार्थना करायची आहे किंवा काहीच न म्हणता नुसते शांत बसायचे आहे, त्यांच्यासाठी नव्या आराखड्यात एक साधी खोली असावी. तिला फार खर्च नाही आणि तिच्यावर वाद व्हावा असेही मला वाटत नाही.

आता पैशाबद्दल. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींच्या देखभालीचा अभ्यास करून एक प्रमाण सांगितले होते: इमारत आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल, त्याच्या दोन ते चार टक्के रक्कम दरवर्षी नेहमीच्या देखभाल-दुरुस्तीसाठी ठेवावी. सरासरी तीन टक्के धरले, तरी तेहेतीस-चौतीस वर्षांत इमारतीच्या किमतीएवढा पैसा पुन्हा लागतो. मनोरा बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा लूककृत शुभवर्तमानातला दाखला आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्या हिशेबात मनोरा उभा राहिल्यानंतरचा खर्चही धरला पाहिजे. आराखड्याच्या खर्चाच्या पानावर तो रकाना नाही.

नव्या इमारतीला देणगी मिळते आणि पन्हळाला मिळत नाही, ही तुमची अडचण मी समजू शकते. देणगीदारांच्या भावनेचा मला आदर आहे. आपले नाव एखाद्या चांगल्या कामाशी जोडले जावे, यात गैर काही नाही. पण ही अडचण करारातच सोडवता येते. ज्यांचे नाव इमारतीला द्यायचे, त्यांच्या देणगीचा ठरावीक भाग, माझ्या मते निदान चौथा हिस्सा, त्याच इमारतीच्या देखभालीचा कायम निधी म्हणून ठेवावा. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. कमी पडेल ते वार्षिक अंदाजपत्रकातून द्यायचे आणि त्याला स्वतंत्र शीर्षक हवे, म्हणजे जाळी मागणाऱ्या काकांना नाही म्हणावे लागणार नाही. ज्या देणगीदाराला हे मान्य नसेल, त्याची इमारत आपल्याला परवडणारी नाही, असे समजावे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा सदर्न कॉलेज या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) संस्थेची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. १९३८ साली तिथले अध्यक्ष लड स्पायव्ही यांनी फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुरचनाकाराला आवार आखायला बोलावले. संस्थेकडे पैसा थोडा होता. विद्यार्थ्यांनी फीच्या बदल्यात बांधकामावर काम केले, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा घालून काँक्रीटचे ठोकळे ओतले. १९४१ साली ॲनी फायफर चॅपल उभे राहिले. मुलांनी आपल्या हातांनी बांधलेले प्रार्थनामंदिर, यापेक्षा मोलाची गोष्ट मला सुचत नाही. पण तिथल्या दमट हवेत ठोकळ्यांमध्ये पाणी शिरले, आतल्या सळया गंजल्या, ठोकळे फुटू लागले. २०१२ साली त्या आवाराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण ठोकळे बदलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरणारे आहे. राइट यांची दुसरी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. त्यांनी एका इमारतीतून दुसरीकडे जाणाऱ्या वाटांवर छप्पर घातले. त्या छपरांची एकूण लांबी सुमारे अडीच किलोमीटर भरते. वर्गातून ग्रंथालयात जाताना ऊन-पावसापासून आडोसा, ही गोष्ट त्यांनी चॅपलइतकीच मनापासून आखली.

आपल्याकडे ग्रंथालयापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतच्या वाटेवर, निलगिरीच्या झाडांपाशी, बराच भाग अंधारात आहे. दिव्याचे खांब आहेत, त्यांतले काही पेटत नाहीत. ग्रंथालय रात्री बंद होते तेव्हा मुली मोबाइलचे टॉर्च लावून घोळक्याने परततात. सोबत मिळाली नाही, तर ती मुलगी संध्याकाळीच उठून निघते. मुलांना वाचायला रात्रीचे ते तास मिळतात, तिला मिळत नाहीत. रेक्टर असताना मला सुचवले गेले की मुलींची परतायची वेळ आणखी अलीकडे आणावी. मी ते मान्य केले नाही आणि आजही करणार नाही. दिवे लावा.

आणखी एक जागा आराखड्यात कुठेच नाही. प्रशासकीय इमारतीच्या जिन्याखाली, जिथे बादल्या आणि फरशी पुसायचे दांडे ठेवलेले असतात, तिथे सफाई कर्मचारी महिला दुपारी डबा खातात. बसायला पुठ्ठे अंथरलेले असतात. वर उभे राहिले तर डोके जिन्याला लागते. हात धुवायला त्यांना विद्यार्थ्यांच्या स्वच्छतागृहात जावे लागते आणि तिथे त्यांनी जास्त वेळ थांबू नये, असे अधूनमधून सांगितले जाते. एवढ्या मोठ्या आवारात त्यांच्यासाठी खिडकी असलेली, पंखा आणि नळ असलेली, कपडे बदलता येतील अशी एक खोली निघत नाही, हे मला पटत नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे २१० फूट उंच मनोऱ्याचे चॅपल जगभर छायाचित्रांतून पाहिले जाते. मेथडिस्ट परंपरेतून वाढलेल्या त्या विद्यापीठाचे हे चॅपल आणि त्याच्याभोवतीच्या कितीतरी इमारती ज्यूलियन एबील या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराने आखल्या. ते ज्या कचेरीत काम करत, तिच्या मालकाचे नाव पुढे राहिले. चॅपलचे समर्पण १९३५ साली झाले, एबील १९५० साली वारले, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवी वर्गात प्रवेश मिळाला तो १९६३ साली. ज्याने दार आखले, त्याच्या समाजातल्या मुलांना त्या दारातून विद्यार्थी म्हणून आत यायला इतकी वर्षे लागली. १९८६च्या सुमारास विद्यार्थी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध आंदोलन करत होते, तेव्हा एबील यांच्या कुटुंबातल्याच, तिथे शिकणाऱ्या एका तरुणीने विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून त्यांची आठवण करून दिली. पुढे त्यांचे तैलचित्र लागले आणि २०१६ साली मुख्य चौकाला त्यांचे नाव मिळाले. ती एक विद्यार्थिनी होती आणि तिने केले ते एवढेच, की पत्र लिहिले. विद्यापीठाने ते ऐकले.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे की येत्या बैठकीत आराखडा मंजूर किंवा नामंजूर न करता दोन सत्रांसाठी पुढे ढकलावा. त्या काळात सगळ्या जुन्या इमारतींची संरचना-तपासणी त्रयस्थ अभियंत्याकडून करून घ्यावी आणि तिचा अहवाल सर्वांना वाचायला ठेवावा. आराखडा समितीवर देखभाल विभागातला एक, सफाई कर्मचाऱ्यांपैकी एक, दोन्ही वसतिगृहांतला एकेक विद्यार्थी आणि चालण्या-ऐकण्या-पाहण्याची अडचण असलेले निदान दोन जण घ्यावेत, मत देण्याच्या अधिकारासह. नव्या प्रार्थनामंदिराचा नकाशा पायऱ्यांशिवाय पुन्हा काढायला सांगावा. वास्तुविशारदांना ते जमेल, त्यांचे पूर्वीचे काम मी पाहिले आहे.

जाळी, दिवे, ग्रंथालयाच्या दारापुढची कपाटे आणि जिन्याखालच्या बायकांची खोली यांसाठी दोन सत्रे थांबायची गरज नाही. कपाटे तर एका दुपारी हलतील. कुठे गळते, कुठला दिवा बंद आहे आणि कुठल्या दाराला उंबरा आड येतो, याची इमारतवार यादी मी विद्यार्थ्यांच्या मदतीने केली आहे. तिची एक प्रत कुलसचिव कार्यालयात दिली आहे, दुसरी ग्रंथपालांच्या टेबलावर आहे. मंडळाच्या ज्या सदस्यांना या जागा प्रत्यक्ष पाहायच्या असतील, त्यांनी कळवावे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते आणि गच्चीची किल्ली काकांकडे मिळते.

आपली नम्र,
विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आणि प्राध्यापिका